पायरसीविरोधी कायदे आणि वाचकाचे स्वातंत्र्य : पान बंद करावे की संपूर्ण संकेतस्थळ?

(संकेतस्थळावरील चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

शाईपेन

ऑगस्ट २०१७ मधील एका सकाळी मी एकोणिसाव्या शतकातील मराठी मासिकांची सूची करीत बसलो होतो. त्या कामासाठी लागणारे जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्ह या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात आलेले आहेत, आणि ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात स्कॅन झालेली कितीतरी मराठी पुस्तकेही आज तेथेच टिकून आहेत. आदल्या रात्री वाचत असलेले पान त्या सकाळी उघडेना. पडद्यावर दोनच ओळी होत्या : दूरसंचार विभागाच्या सूचनेनुसार हा पत्ता बंद करण्यात आला आहे, अधिक माहितीसाठी प्रशासकाशी संपर्क साधावा. प्रशासक कोण, तक्रार कोणाची, आदेश कोणत्या न्यायालयाचा आणि कोणत्या तारखेचा, याचा पत्ता नव्हता. इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीला दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडच्या मुलीलाही त्या दोन ओळींपलीकडे काही ठाऊक नव्हते.

काही दिवसांनी उलगडा झाला. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी आपले चित्रपट चोरून दाखवले जातील या भीतीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली होती आणि न्यायालयाने २,६०० हून अधिक संकेतस्थळांची यादी बंद करण्याचा आदेश दिला होता. त्या यादीत इंटरनेट आर्काइव्हही होते. दोन चित्रपटांच्या रक्षणासाठी एक संपूर्ण ग्रंथालय कुलूपबंद झाले, आणि त्या ग्रंथालयाच्या वाचकांना कोणी विचारले नाही, कळवलेही नाही.

मी पायरसीचा पाठीराखा नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. लेखकाने, दिग्दर्शकाने, प्रकाशकाने कष्टाने उभे केलेले काम दुसऱ्याने फुकट वाटावे आणि त्याच्या आजूबाजूला जाहिराती लावून स्वतः पैसे कमवावेत, याला चोरीखेरीज दुसरे नाव नाही. प्रश्न एवढाच आहे की चोर पकडण्यासाठी गल्लीच्या तोंडाशी भिंत बांधायची का?

हा प्रकार २०१७ सालचा एकटा नाही. २०१२ च्या मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्याच एका आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन अशी संकेतस्थळे सरसकट बंद केली. प्रतिवादींची नावे ठाऊक नसल्याने ‘अज्ञात व्यक्ती’विरुद्ध मिळवलेला तो आदेश होता, आपल्याकडे त्याला ‘जॉन डो’ किंवा ‘अशोक कुमार’ आदेश म्हणतात. त्या वेळी ९ जून २०१२ रोजी मुंबईत आझाद मैदानावर तरुण मुले मुखवटे घालून निषेधाला उभी राहिली होती. त्याच महिन्यात न्यायालयाने खुलासा केला की आदेश विशिष्ट पत्त्यांपुरता आहे, संपूर्ण संकेतस्थळांना लागू नाही. म्हणजे न्यायालयाने मागितले त्याहून अधिक कंपन्यांनी बंद केले होते, आणि त्यात त्यांचे नुकसान काहीच नव्हते. नुकसान फक्त वापरणाऱ्याचे होते.

या सगळ्यात मला आशेची वाटलेली गोष्ट मुंबई उच्च न्यायालयात घडली. जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या निर्मात्यांनी असाच सरसकट आदेश मागितला, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो तसा देण्यास नकार दिला. प्रत्येक दुवा तपासून आणा, तो कोणी तपासला ते प्रतिज्ञापत्रावर सांगा, संपूर्ण संकेतस्थळ बंद करायचे असेल तर त्यावर कायदेशीर असे काहीच नाही हे दाखवून द्या, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय बंद केलेल्या पानावर आदेशाचा तपशील दिसावा आणि ज्याचे नुकसान होईल त्याला दाद मागता यावी, हेही त्यांनी पाहिले. ऑगस्टमध्ये त्या पानांवर ‘हा चित्रपट पाहणे हाही गुन्हा आहे’ अशा आशयाचा मजकूर झळकू लागला आणि देशभर घबराट पसरली, तेव्हा नुसते पाहणे हा प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याखालील गुन्हा नाही, विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असे त्यांनीच स्पष्ट करून तो मजकूर बदलायला लावला.

माझे म्हणणे याच वाटेचे आहे. बंदी पानापुरती असावी, कारणासह असावी, मुदतीची असावी आणि बंद दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला कोठे जायचे ते त्या दारावरच लिहिलेले असावे. आपणां सर्वांचे, विशेषतः प्रकाशन व्यवसायात आणि कायद्याच्या क्षेत्रात असणाऱ्यांचे मत वाचायला आवडेल.

पहिली आवृत्ती

शाईपेन यांनी मांडलेली बाजू मला पटते, परंतु भिंतीच्या या बाजूला उभे राहून काय दिसते तेही सांगणे आवश्यक वाटते. आमचे प्रकाशन लहान आहे. वर्षाला सात-आठ पुस्तके, प्रत्येकी हजार प्रतींची आवृत्ती. त्यांतील तीन-चारशे प्रती ग्रंथालयांत जातात, उरलेल्या प्रदर्शनांतून आणि दुकानांतून दोन-तीन वर्षांत संपतात. कागद, छपाई, बांधणी, मुद्रितशोधन आणि विक्रेत्याची सवलत वजा जाता जे उरते, त्यातून लेखकाचे मानधन आणि पुढच्या पुस्तकाचा कागद यायचा असतो.

टाळेबंदीच्या काळात आमच्या एका पुस्तकाची पीडीएफ मला माझ्याच व्हॉट्सअ‍ॅपवर आली. पाठवणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक, अत्यंत सज्जन. खाली लिहिले होते, ‘घरी बसून वाचा आणि इतरांनाही पाठवा.’ मी ती उघडून पाहिली. मोबाइलवर एकेक पान टिपलेले होते. कोपऱ्यात पान धरणाऱ्याचा अंगठा दिसत होता, आणि सतराव्या पानावर ग्रंथालयाचा गोल शिक्का व त्याखाली निळ्या शाईतला दाखलांक स्वच्छ वाचता येत होता. ती प्रत आम्हीच सवलतीत त्या वाचनालयाला दिली होती. ज्या लेखिकेने त्या पुस्तकासाठी सहा वर्षे गावोगाव हिंडून ओव्या गोळा केल्या, त्यांना मी हे कसे सांगावे, हे मला दोन दिवस समजत नव्हते.

तक्रार करायला गेलो, तर कोणाविरुद्ध करायची? व्हॉट्सअ‍ॅपवर पान नाही, पत्ता नाही. टेलिग्रामवरच्या एका वाहिनीवर शेकडो मराठी पुस्तके एकत्र ठेवलेली होती. कळवल्यावर ती वाहिनी बंद झाली आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या नावाने तीच पुस्तके पुन्हा आली. मोठ्या वृत्तपत्रसमूहांना न्यायालयात जाता येते. एका हिंदी दैनिकाच्या ई-पेपरच्या पीडीएफ वाटल्या जात होत्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये टेलिग्रामला त्या वाहिन्या हटवण्याचा आणि त्या चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये शिकवणीवर्ग चालवणाऱ्या एका बाईंच्या प्रकरणातही तसेच झाले. दिल्लीला वकील उभा करणे आम्हाला शक्य नाही. एका पुस्तकाचा सगळा नफा पहिल्या तारखेलाच संपेल.

म्हणून स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्यांना माझी विनंती आहे की ‘पायरसी वाईटच, परंतु’ असे म्हणून ‘परंतु’च्या पुढेच सगळी चर्चा नेऊ नये. त्या पहिल्या अर्ध्या वाक्यावरही थोडे थांबावे.

काळा घोडा

मी मुंबईत वकिली करतो आणि प्रताधिकाराची प्रकरणे पाहतो. दोन्ही बाजूंनी काम केलेले आहे, त्यामुळे शाईपेन यांच्या एका मुद्द्याला मर्यादा घालावीशी वाटते.

‘पानापुरती बंदी’ हे सूत्र यूट्यूब, व्हिमिओ किंवा इंटरनेट आर्काइव्ह यांसारख्या ठिकाणी योग्यच आहे, कारण तेथे बहुतांश मजकूर कायदेशीर असतो. परंतु ज्या संकेतस्थळाचा धंदाच चोरीचे चित्रपट वाटण्याचा आहे, जेथे मालकाचे नाव लपवलेले असते आणि एक पत्ता बंद केला की एका अक्षराच्या फरकाने दुसरा उघडतो, तेथे एकेक पान मोजत बसण्याला अर्थ राहत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये न्यायमूर्ती मनमोहन यांच्या निर्णयात नेमका हाच विचार केला. संकेतस्थळावर किती टक्के मजकूर चोरीचा आहे एवढेच न पाहता त्याचा मुख्य हेतू काय, मालकाने ओळख लपवली आहे का, नोटिसा आल्यावर तो काय करतो, अशा कसोट्या त्यांनी घातल्या, आणि त्यांवर उतरलेल्या संकेतस्थळांची आरशातली प्रतिबिंबेही, म्हणजे तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर दाखवणारी संकेतस्थळे, पुन्हा दावा न करता, केवळ अर्ज करून यादीत घालण्याची मुभा दिली. यालाच आता गतिमान मनाई हुकूम म्हणतात. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, अद्याप तयारही न झालेल्या कलाकृतींना असे संरक्षण देऊ केले.

पहिल्या पायरीपर्यंत मी न्यायालयाबरोबर आहे. दुसऱ्या पायरीबद्दल, म्हणजे केवळ अर्जावर नावे वाढवत जाण्याबद्दल, मला काळजी वाटते. यादी एकदा न्यायाधीशांच्या नजरेखालून गेली की पुढची भर निबंधकांच्या, म्हणजे न्यायालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या, टेबलावर पडते. तेथे विरोध करायला समोर कोणी नसते, कारण खरा चोर कधीच हजर राहत नाही आणि चुकून अडकलेल्याला आपण अडकलो आहोत हे ठाऊक नसते. एकतर्फी कामकाजात न्यायाधीशाला वादीच्या वकिलाने दिलेल्या यादीवरच विसंबावे लागते. फुटबॉलच्या २०१४ सालच्या विश्वचषकाच्या वेळी दिल्लीत दिलेल्या अशा यादीत ४७२ नावे होती आणि तीत गूगलच्या सेवेचाही पत्ता होता. नंतर ती यादी २१९ वर आणावी लागली. अर्ध्याहून अधिक नावे गळली, यातच यादी कशी तयार झाली असेल ते कळते.

शिक्षेबद्दलही येथे बराच गैरसमज दिसतो. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. याचा व्यवहारातील अर्थ असा की पोलीस न्यायालयाच्या परवानगीविना अटक करू शकतात, आणि हे कलम पुस्तकाची पीडीएफ पुढे पाठवणाऱ्या त्या निवृत्त शिक्षकांवरही लागू शकते, हजारो चित्रपटांची टोळी चालवणाऱ्यावरही. नफ्यासाठी केले नसेल तर किमान शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे. परंतु तो शेवटी. अटक आधी होते.

महाराष्ट्रात त्याहून कठोर साधन आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ साली जो कायदा झाला, ज्याला आपण एमपीडीए म्हणतो, त्यात २००९ साली ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग घालण्यात आला. त्याखाली खटला न चालवता एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. पदपथावर सीडी विकणारा मुलगा आणि घातक गुंड यांना एकाच कायद्यात बसवणे मला तेव्हाही चूक वाटले होते आणि आजही वाटते.

२०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने चित्रपटांच्या पायरसीसाठी किमान तीन महिने, कमाल तीन वर्षे कैद आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आणला. त्यापाठोपाठ केंद्राने तक्रारी घेणारे बारा नोडल (समन्वय) अधिकारी नेमून ४८ तासांत मजकूर हटवण्याची व्यवस्था केली. पायरसीने दरवर्षी वीस हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. नुकसान मोठे आहे याबद्दल माझा वाद नाही. परंतु न्यायालयाच्या जागी अधिकारी आला की आदेशाची प्रत सहजासहजी मिळत नाही, एवढे अनुभवाने सांगू शकतो.

तापीकाठ

मी जळगाव जिल्ह्यातील एका विनाअनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. चर्चा चित्रपट आणि ललित पुस्तकांभोवती फिरते आहे, म्हणून संशोधनाच्या बाजूचा अनुभव मांडते.

शोधनिबंध लिहिणाऱ्याला प्रकाशन कंपनी पैसे देत नाही, तो तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही देत नाही; बहुतेक संशोधन सरकारी अनुदानातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून होते. तरीही एक निबंध वाचायचा तर तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. माझ्या पीएच.डी.च्या काळात मला जवळजवळ दोनशे निबंध वाचावे लागले. त्याचा हिशेब माझ्या तेव्हाच्या मानधनाशी ताडून पाहा. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ साली सुरू केलेले, सशुल्क निबंध फुकट खुले करणारे साय-हब हे संकेतस्थळ नसते, तर माझा प्रबंध पूर्ण झाला नसता. हे मी लपवत नाही.

एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये साय-हब आणि तशाच प्रकारे पुस्तके व निबंध देणारे लिबजेन यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तेव्हा देशातील अनेक शास्त्रज्ञ, विद्यार्थी आणि संघटना या वाचकांच्या बाजूने पुढे आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने साय-हब भारतात बंद करण्याचा आदेश दिला. दरम्यान सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना आणली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. योजना चांगली आहे, मनापासून स्वागत करते. परंतु आमचे महाविद्यालय शासकीय नाही. माझ्या प्रयोगशाळेतून जी मुले एम.एस्सी. करतात, त्यांच्यातील बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची आहेत. त्यांच्यासाठी जुने दार बंद झाले आणि नवे उघडले नाही.

काळा घोडा यांना एक विचारायचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाचा जो खटला झाला, त्यात न्यायालयाने शिकवण्यासाठी लागणाऱ्या पुस्तकांच्या छायाप्रतींना मुभा दिली होती. तो न्याय आम्हाला का मिळू नये?

काळा घोडा

तापीकाठ ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली तो दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने शिक्षणासाठी लागणाऱ्या प्रतींचे तत्त्व कायम ठेवले आणि काही तपशील पुन्हा तपासण्यास सांगितले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. त्याचा आधार कलम ५२(१)(आय) हा आहे : शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत. आपण वर्गात दहा निबंधांची पुस्तिका वाटली, तर त्या निकालाचा आधार घेता येईल. मात्र जगभरातील कोट्यवधी निबंध कोणालाही खुले करणारे संकेतस्थळ त्या कलमात बसवणे अवघड आहे. साय-हबच्या बाजूने संशोधनासाठीच्या न्याय्य वापराचा मुद्दा मांडता येण्यासारखा होता आणि त्यावर पूर्ण सुनावणी होऊन निकाल लागावा अशी माझीही इच्छा होती. बंदी आली ती मात्र साय-हबने न्यायालयाला पूर्वी दिलेली हमी मोडली या कारणाने. मूळ प्रश्नाला उत्तर मिळालेच नाही.

दूरदेशी

न्यू जर्सीत राहून वीस वर्षे झाली. १८ जानेवारी २०१२ हा दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी माझ्या मुलीचा शाळेचा प्रकल्प अडला होता. विकिपीडियाचे इंग्रजी पान दिवसभर काळे होते. ‘सोपा’ आणि ‘पिपा’ या नावांनी ओळखली जाणारी दोन विधेयके अमेरिकी काँग्रेसपुढे, म्हणजे तेथील संसदेपुढे, होती. परदेशी संकेतस्थळांवर चोरीचा माल आहे असे वाटले की त्यांचे पत्ते इंटरनेटच्या नावनोंदणीतूनच अडवायचे, शोधयंत्रांनी ते दाखवायचे नाहीत, जाहिरात आणि पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घ्यायचा, अशी त्यांत तरतूद होती. गूगलच्या निवेदनावर सत्तर लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि दोन दिवसांत दोन्ही विधेयके बाजूला ठेवली गेली. त्याच वर्षी ४ जुलैला युरोपीय संसदेने ‘अ‍ॅक्टा’ हा पायरसीविरोधी आंतरराष्ट्रीय करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला.

हे सांगण्यामागे एक कारण आहे. ती विधेयके कायदा होण्याआधी लोकांसमोर आली, म्हणून विरोध करता आला. भारतात हीच साधने कोणत्याही विधेयकाशिवाय, एकेका दाव्यातून येत गेली. दावा दोन पक्षांचा, परिणाम मात्र सर्वांवर, आणि त्या सर्वांसाठी न्यायालयात खुर्ची नाही. शाईपेन यांच्या त्या सकाळचे मूळ मला येथे दिसते.

‘पहिली आवृत्ती’ यांचा प्रतिसाद वाचून मात्र बराच वेळ अस्वस्थ होतो. मीही अशा पीडीएफ वाचल्या आहेत. येथे मराठी पुस्तक मागवायचे तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या तिप्पट होतो, आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत दोन-तीन पुस्तकांपेक्षा अधिक जागा नसते. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके येऊ लागली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात पाच घेतली. परंतु मला हव्या असलेल्या पुस्तकांपैकी बहुतेक आजही तेथे नाहीत. विकत घ्यायची तयारी आहे, विकायला ठेवलेले नाही, अशा वाचकाने काय करावे?

गंधार

माझे प्रकरण लहान आहे, पण याच विषयातले आहे. माझे वडील हौशी गायक होते. त्यांनी १९९४ साली आमच्या गावच्या गणेशोत्सवात, पायपेटी आणि तबल्यावर म्हटलेले एक नाट्यपद मी कॅसेटवरून उतरवून एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळावर ठेवले. पद अण्णासाहेब किर्लोस्करांचे. किर्लोस्कर १८८५ साली वारले. आवाज वडिलांचा, कॅसेट आमची. तरीही चौथ्या दिवशी एका ध्वनिमुद्रण कंपनीने यांत्रिक तपासणीतून हक्क सांगितला आणि व्हिडिओ गेला. त्याच पदाची त्या कंपनीकडे कोणा नामवंताची ध्वनिमुद्रिका असणार. यंत्राला चाल ओळखता आली, गळा ओळखता आला नाही.

मी हरकत नोंदवली. तीन वाक्यांचे ठरावीक उत्तर आले, माणसाने लिहिलेले वाटले नाही. दुसऱ्यांदा हरकत घेतली आणि ती फेटाळली गेली, तर खातेच बंद होऊ शकते असा इशारा होता. त्या खात्यावर वडिलांची आणखी अकरा पदे आहेत. मी गप्प बसलो. वडील जाऊन सहा वर्षे झाली, त्यांच्या आवाजावर दुसऱ्याने मालकी सांगितलेली पाहणे मला फार लागले.

काळा घोडा

गंधार, आपण गप्प बसू नये. किर्लोस्करांच्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. कंपनीचा हक्क तिच्या ध्वनिमुद्रणापुरता आहे, आणि आपल्या वडिलांचे गाणे हे ते ध्वनिमुद्रण नव्हे. उलट त्या गायनावर कलावंत म्हणून त्यांचाच हक्क होता, तो आता वारसांकडे येतो. मात्र त्या कंपनीच्या मुद्रणात चाल नव्याने बांधलेली आहे का आणि वडिलांनी तीच चाल म्हटली आहे का, तेवढे तपासून घ्यावे. पारंपरिक चाल असेल तर चिंता नाही.

आपल्या कायद्यात एक उपयुक्त तरतूद आहे. कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमांतील नियम ७५ प्रमाणे मध्यस्थाने, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाने, लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर अडवायचा असतो, पण तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. यांत्रिक हक्कसांगणी ही या नियमाखालील तक्रार नाही, अशी भूमिका संकेतस्थळे घेतात. म्हणून आपण भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्वतंत्र पत्र लिहून तक्रारदाराची लेखी तक्रार आणि आदेश मागावा. कॅसेटच्या वेष्टनावर तारीख लिहिलेली असेल तर तिचे छायाचित्र जोडावे.

पहिली आवृत्ती

दूरदेशी यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ई-पुस्तक काढले की त्याची चोरी सोपी होते, ही भीती आम्हा लहान प्रकाशकांच्या मनात घट्ट बसलेली आहे. पण त्या अंगठ्याचा फोटो आठवला की कळते, चोरणाऱ्याला ई-पुस्तकाची वाट पाहावी लागली नाही. आमची अकरा पुस्तके आज संपलेली आहेत आणि पुनर्मुद्रण परवडत नाही. त्यांतील सहांच्या लेखकांशी मी या आठवड्यात बोललो. चौघे ई-आवृत्तीला तयार आहेत. जुन्या करारांत ई-पुस्तकाचा उल्लेखच नाही, तेव्हा नवा करारनामा करावा लागेल.

त्या वाचनालयालाही पत्र लिहिले. ग्रंथपालबाई स्वतः भेटायला आल्या. प्रत नेणाऱ्या सभासदाचे नाव त्यांनी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता : बाजारात न मिळणारी जीर्ण पुस्तके त्यांनी स्वतः स्कॅन करून ठेवली तर तोही गुन्हा होतो का?

शाईपेन

ग्रंथपालबाईंना कळवावे की तो गुन्हा नाही. विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे जी छापील प्रत आहे, तिची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे, आणि भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत ग्रंथालयाला करता येतात. शिवाय लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटली की पुस्तक सर्वांचे होते : साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे, १९६६ साली गेलेल्या लेखकांचे १ जानेवारी २०२७ पासून होईल. अशी पुस्तके स्कॅन करून कोणीही, कोठेही ठेवावीत. इंटरनेट आर्काइव्ह बंद झाले तेव्हा नेमकी हीच पुस्तके अडली होती.

काळा घोडा यांचे म्हणणे वाचून माझे एक मत मी बदलतो. ज्याचा धंदाच चोरीचा आहे, ते संकेतस्थळ संपूर्ण बंद व्हावे. पण ते तसे आहे की नाही, हे न्यायाधीशाने प्रत्येक नावापुरते ठरवावे आणि नंतर घातलेले प्रत्येक नावही त्यांच्याच नजरेखालून जावे. यावर मी हटणार नाही.

बंद पानावर काय लिहिलेले असावे याचा मसुदा केला आहे. त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, म्हणजे काळा घोडा यांच्या मदतीने तो दूरसंचार विभागाकडे पाठवता येईल :

‘हा पत्ता ____ न्यायालयाच्या दावा क्रमांक ____ मधील दिनांक ____ च्या आदेशाने बंद आहे. आदेश ____ या कलाकृतीच्या संरक्षणासाठी असून दिनांक ____ पर्यंत लागू आहे. आदेशाची प्रत येथे वाचता येईल. हे पान वाचू इच्छिणे हा गुन्हा नाही. ही बंदी चुकीची आहे असे वाटल्यास पुढील पत्त्यावर लिहावे; सात दिवसांत उत्तर दिले जाईल.’

काळा घोडा

आदेश मागणाऱ्याचे नाव घालावे. तेवढी एक दुरुस्ती केली तरी पुढच्या वेळी यादी तयार करणारा दोनदा तपासून पाहील. ‘सात दिवस’ ऐवजी ‘दोन कामकाजाचे दिवस’ सुचवतो, कारण चित्रपटाची बंदी बहुधा पहिल्या आठवड्यासाठीच हवी असते.

तापीकाठ

मजकूर मराठीतही असावा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण ती इंग्रजी पाटी पाहून आपणच काही चुकीचे केले असे समजतात आणि लगेच पान मिटतात.

गंधार

कॅसेटचे वेष्टन सापडले. वडिलांच्याच अक्षरात ‘अनंत चतुर्दशी, १९९४’ असे लिहिले आहे, खाली तबलजी काकांची सही आहे. काका अजून गावातच आहेत, ती पारंपरिक चाल त्यांनी फोनवर गुणगुणून दाखवली. छायाचित्र जोडून पत्र आज दुपारी पाठवले.